टिंबाएवढा देश, महाराष्ट्राएवढा समुद्र

'जगातलं सर्वांत छोटं प्रजासत्ताक कोणतं?' प्रश्नमंजूषेत हे विचारतात, मुलं 'नौरू' म्हणतात आणि टाळ्या पडतात. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. पॅसिफिकमधल्या या बेटाची जमीन २१ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे चार नौरू सहज मावतील. हक्काचा समुद्र मात्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार, म्हणजे बरोबरीचाच मामला!

कंपासपेटी काढा. १९८२च्या समुद्री कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हा देशाचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. (आपल्या 'सेझ'शी याचा काही संबंध नाही.) या मोठ्या पट्ट्यातले मासे आणि तळाची खनिजं त्या देशाची, पण ये-जा करायला जहाजं कुणाचीही मोकळी. 'दोनशे मैलांत परकं जहाज घुसलं' म्हणून वाहिन्यांवर घसा फोडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

सागरी मैल १८५२ मीटरचा, म्हणजे बेटाला टिंब मानून काढलेल्या २०० मैलांच्या वर्तुळाची त्रिज्या ३७०.४ किलोमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ येतं ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर. मधली जमीन किती, हे सूत्र विचारतच नाही! अट एकच, तिथे माणसं राहू शकली पाहिजेत. नुसत्या खडकाला १२ मैलांवर भागवावं लागतं.

मग नौरूला पूर्ण वर्तुळ का नाही? पूर्वेला साधारण ३०० किलोमीटरवर बानाबा हे किरिबातीचं बेट आहे (त्या देशाचा उच्चार 'किरिबास'). दोघांची वर्तुळं एकमेकांत घुसतात. इथे दहावीच्या आतलाच लंबदुभाजक कामाला येतो: दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरचे बिंदू जोडत जायचे. पण किनारा म्हणजे एक बिंदू नव्हे. रेषेवरून पुढे सरकताना जवळचा खडक बदलतो आणि नवा दुभाजक सुरू होतो, म्हणून समदूर रेषा तुकड्यातुकड्यांनी वळते. त्यात पृथ्वी सपाट नाही, नीट गोलही नाही. ध्रुवांकडे चपटलेल्या पृष्ठावरची लघुतम रेषा, म्हणजे जिओडेसिक, धरून अंतर मोजावं लागतं आणि मर्केटरच्या (अक्षांश-रेखांश सरळ, काटकोनातल्या रेषांनी दाखवणाऱ्या) नकाशावर हे वर्तुळ विषुववृत्तापासून दूर जाताना फुगत जातं. नौरू विषुववृत्ताच्या जेमतेम साठ किलोमीटर दक्षिणेला असल्यामुळे तिथे कंपास फारसा फसत नाही.

आता माझी आवडती गोष्ट. मोजायला सुरुवात कुठून करायची? भोवती प्रवाळाची कड असेल तर त्या कडेच्या समुद्राकडच्या बाजूला, ओहोटीच्या पाण्याची जी रेषा असते तिथून. समजा पूर्ण वर्तुळ मिळालं आहे आणि ही रेषा सगळीकडून फक्त १० मीटर आत आली. परिघ सुमारे २३२७ किलोमीटर, गुणिले १० मीटर: २३ चौरस किलोमीटर समुद्र गेला. म्हणजे अख्ख्या नौरूच्या जमिनीपेक्षा जास्त!

या समुद्रात कुपा, म्हणजे ट्यूना, भरपूर. परदेशी बोटींना मासेमारीचे दिवस विकून नौरू कमाई करतं. समुद्रतळावरच्या धातूंच्या गोळ्यांमुळे हा देश कुबेर होणार, अशा बातम्याही येतात. पण ज्या गोळ्यांची एवढी चर्चा आहे ते हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या खोल समुद्रात, नौरूच्या वर्तुळापासून हजारो किलोमीटर दूर पडलेले आहेत.

पाणी वर चढलं की ओहोटीची रेषा आत सरकणार, हे उघड आहे. म्हणून २०२१मध्ये पॅसिफिक बेटांच्या मंचाने जाहीर केलं, की एकदा नोंदवलेल्या हद्दी समुद्रपातळी वाढली तरी कमी होणार नाहीत. जुलै २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही सल्लागार मतात सांगितलं, की रीतसर नोंदवलेले अक्षांश-रेखांश यासाठी बदलण्याचं बंधन देशांवर नाही. प्रवाळाची कड पाण्याखाली गेली तरी कंपासचं टोक कागदावर होतं तिथेच राहील.