मधुमेही पाऊल

दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या खराब होऊन पावलावर व्रण (लवकर न भरणारी उघडी जखम), जंतुसंसर्ग किंवा हाडा-सांध्यांची मोडतोड होते, त्या अवस्थेला मधुमेही पाऊल किंवा डायबेटिक फूट म्हणतात. मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा व्रण होतो, असा अंदाज आहे. मधुमेहात पाय कापावा लागण्याच्या बहुतेक प्रसंगांची सुरुवात एखाद्या साध्या व्रणापासून झालेली असते.

या विकाराचे मूळ वेदनेत नसून वेदना नाहीशी होण्यात आहे. शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू आधी खराब होतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. आधी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात. पुढे ही जळजळ थांबली की रुग्णाला बरे वाटू लागते. पण अनेकदा ते बरे होणे नसते, संवेदना गेलेली असते. पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावले गेल्यावर कुणीतरी सांगते. बुटात शिरलेला खडा दिवसभर टोचत राहतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो. थंडीत घेतलेला गरम पाण्याचा शेकही अशा पावलाला भाजून काढतो.

पावलातले लहान स्नायू दुबळे झाल्याने बोटे वाकडी होतात आणि शरीराचा भार ठरावीक जागी पडू लागतो. तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि वरून कातडी धड दिसत असताना आत जखम तयार होते. घाम येणे बंद झाल्याने टाचांना भेगा पडतात व जंतूंना वाट मिळते.

गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर जखम भरत नाही. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असणे ही त्याची खूण. मात्र मधुमेहात धमन्या चुना साचून कडक झालेल्या असल्या, तर हा आकडा फसवा, चांगला येतो.

एक प्रकार वेगळा: शार्को पाऊल, म्हणजे बधिर पावलातली हाडे आणि सांधे झिजून मोडत जाणे. फ्रेंच वैद्य झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये अशी सांध्यांची झीज वर्णिली ती मज्जारज्जूच्या रोगात. मधुमेहाशी तिचा संबंध १९३६ मध्ये दाखवला गेला. पाऊल लाल, गरम, सुजलेले, दुखणे मात्र सुजेच्या मानाने फारच कमी. सुरुवातीचा एक्स-रे साधा येऊ शकतो, त्यामुळे जंतुसंसर्ग किंवा गाऊट (युरिक आम्ल साचून येणारी सांध्याची सूज) समजून उपचार होतात आणि तोवर रुग्ण चालत राहून हाडे मोडून घेतो.

आधी होऊन गेलेला व्रण हा सर्वांत मोठा धोका. भरलेल्या व्रणांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात. मूत्रपिंड निकामी होणे, धूम्रपान, अनियंत्रित साखर, घट्ट पादत्राणे, अनवाणी चालणे हेही धोके आहेतच. अधू नजर आणि वाकता न येणे यांकडे मात्र कमी लक्ष जाते: स्वतःचा तळवा पाहताच येत नसेल, तर जखम कळणार कशी?

बधिरता तपासायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. तळव्यावरच्या व्रणात औषधाइतकेच महत्त्व भार काढण्याला असते. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर घालतात. काढता येणाऱ्या बुटापेक्षा न निघणारे प्लास्टर सहसा जास्त गुण देते, कारण पाय दुखत नसल्याने लोक घरात शिरताच बूट काढून ठेवतात.