मामाची हिरवी कॅप्सूल

मागच्या महिन्यात परभणीला मामाकडं गेलतो. जेवण झालं की मामा तांब्याशेजारची औषधांची कॅरीबॅग उघडतात, त्यातून ती हिरवी, तेलासारखी चमकणारी व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल काढली अन् गिळली. त्या स्ट्रिपमधे दोनच उरल्या होत्या. बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप मात्र जवळपास भरलेली. विचारलं तर म्हणतात, "ही रोज घ्यायलोय की, नसा साफ राहतात म्हणे. बीपीची काय, डोकं दुखलं की घेतो."

मला ठसकाच लागला. पण खरं सांगायचं तर मामाचं नसांबद्दलचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, एकेकाळी मोठमोठे डॉक्टरबी तेच म्हणत होते.

आपल्याकडं शेंगदाण्याचा कूट उन्हाळ्यात उघडा राहिला की खवट होतो ना, तसंच काहीसं रक्तातल्या एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचं होतं. ते रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकतं, तिथं त्याची ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन होते म्हणजे ते "खवटतं", मग पांढऱ्या पेशी ते खायला येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच बसून राहतात. त्यातूनच पुढं ब्लॉकेज. आता तेल खवटू नये म्हणून त्यात जे नैसर्गिकपणे असतं ते व्हिटॅमिन ई, आपल्या करडईच्या तेलात तर ते भरपूर. मग ते पोटात घेतलं तर नसा वाचतील, हा हिशोब सरळ वाटतो. वरून १९९३ साली अमेरिकेत ८७ हजारांवर नर्सेसचा अभ्यास छापून आला, त्यात व्हिटॅमिन ई च्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयरोग कमी दिसला. झालं, गोळ्यांचा धंदा सुसाट.

पण गोम अशी की स्वतःच्या मनानं रोज व्हिटॅमिन घेणारा माणूस बहुतेक करून सिगारेट ओढत नाही, फिरायला जातो, भाजीपाला खातो, चेकअप करतो. मग हृदय वाचवलं कुणी, गोळीनं का सवयींनी? हे कळायचं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला सेम दिसणारी नकली, अन् वर्षानुवर्षं वाट बघायची.

तसं केलं तर काय निघालं? सन २००० च्या होप नावाच्या ट्रायलमधे ९,५४१ जणांवर साडेचार वर्षं व्हिटॅमिन ई चा काहीच फरक दिसला नाही, ना हार्ट अटॅकमधे ना स्ट्रोकमधे. मला सगळ्यात पटलेली ट्रायल ब्रिटनची, २००२ ची. २०,५३६ लोकं, पाच वर्षं, व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटिन (ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए बनतं ते) तिन्ही एकत्र. निकाल शून्य. आता कुणी म्हणेल की ट्रायलच कच्ची असेल, तर तसं नाही, कारण त्याच लोकांमधे सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळीपण तपासली होती आणि तिनं हार्ट अटॅक, स्ट्रोक असले प्रकार जवळपास पाव हिश्श्यानं कमी केले. म्हणजे वजनकाटा बरोबर होता, व्हिटॅमिनच्या पारड्यातच काही नव्हतं.

बरं, फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना? इथं जरा थांबा. फिनलंडमधे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर व्हिटॅमिन ई अन् बीटा कॅरोटिनच्या गोळ्या तपासल्या होत्या, १९९४ मधे कळलं की बीटा कॅरोटिनवाल्यांमधे फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. स्ट्रोकचं अजून विचित्र आहे. व्हिटॅमिन ई रक्त थोडं पातळ करतं, म्हणून २०१० मधे नऊ ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तेव्हा गुठळीचा स्ट्रोक १० टक्के कमी पण मेंदूत रक्तस्राव होणारा स्ट्रोक २२ टक्के जास्त निघाला. दुसरा प्रकार सहसा जास्त जीवघेणा. आणि बीपी वाढलेलं असणं हेच त्या रक्तस्रावाचं मोठं कारण! म्हणजे मामा एका हातानं बीपी मोकाट सोडायलेत अन् दुसऱ्या हातानं रक्त पातळ करायलेत. रक्त पातळ करायची गोळी आधीच चालू असेल तर ही कॅप्सूल डॉक्टरला न विचारता घेऊच नये.

डोसचंबी बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई पुरतं, मामाची कॅप्सूल ४०० ची. मोसंबी, तांदुळजा, करडईचं तेल यातून जी व्हिटॅमिनं मिळतात ती वेगळी, त्यात बाकीपण पन्नास गोष्टी असतात, ते खुशाल खा.

हे सगळं मामाला सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मग उरलेल्या दोनचं काय करू?" मामी आतून ओरडली, "फेकू नका, मला तोंडाला लावायला लागतात!" बीपीची गोळी मात्र रात्री मामानं माझ्यासमोर घेतली, आता मी रोज फोन करून विचारतोय.