रिकामी रॅम काय कामाची?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुनी सिस्टिम बरी की नवी, हा वाद पुन्हा रंगला. त्यात एक मुद्दा हमखास येतो. विंडोज एक्सपी ६४ एमबी रॅममध्ये चालायची, विंडोज ११ ला निदान ४ जीबी लागते. तेव्हा जुनी ती चपळ आणि नवी म्हणजे नुसती सूज. जुनं ते सोनं!

आकड्यांबद्दल वाद नाही. २००१ च्या एक्सपीची किमान अट खरंच ६४ एमबी होती (शिफारस १२८ ची). १९९५ च्या विंडोज ९५ ची तर अवघी ४ एमबी. २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबी, म्हणजे २६ वर्षांत १०२४ पट. मला खटकतं ते यावरून काढलेलं अनुमान. 'रॅम जास्त वापरते म्हणून हळू चालते' हे पुष्कळदा नेमकं उलटं असतं. ते का, हे शोधायला गेलं की कॉम्प्युटरमधली एक फार देखणी यंत्रणा समोर येते. खरं सांगायचं तर हा लेख मी तिच्यासाठीच लिहितोय.

आधी वेगांचा अंदाज घेऊ. रॅममधली एखादी गोष्ट प्रोसेसरच्या हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि त्याआधी हेड योग्य पट्टीवर सरकवायला आणखी आठ-नऊ. सगळे मिळून बारा-तेरा. हे आकडे इतके लहान आहेत की त्यांच्यातली तफावत डोळ्यांत भरत नाही. म्हणून रॅमच्या १०० नॅनोसेकंदांना एक सेकंद मानून बघा. मग एसएसडीचं, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कचं, उत्तर सतरा मिनिटांनी येतं आणि हार्ड डिस्कचं तेहेतीस तासांनी.

तेहेतीस तास! प्रोसेसरच्या दृष्टीनं डिस्ककडे जाणं म्हणजे एका कागदासाठी परगावी माणूस धाडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघत बसणं. ही खेप शक्य तेवढ्या वेळा टाळायची, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य कामांपैकी एक आहे. ती टाळायचा उपाय साधा आहे: एकदा आणलेला कागद फेकायचा नाही. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल, काम संपल्यावरही, रॅममध्ये जागा असेल तोवर ठेवून द्यायची. पुन्हा कुणी मागितली तर खेप वाचली. दुसऱ्या कशाला जागा लागली तर ती प्रत पुसायला क्षणही लागत नाही, कारण मूळ डिस्कवर आहेच. या साठ्याला पेज कॅश म्हणतात. आपण पैसे मोजून घेतलेली रॅम रिकामी पडून असेल, तर तिचा वेग कुणाच्याच कामी येत नाही.

याचा प्रयोग घरी करता येतो. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून एखादा मोठा प्रोग्रॅम उघडा, बंद करा, लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा तो पटकन उघडतो, आणि मशीनमध्ये हार्ड डिस्क असेल तर फरक घड्याळाशिवायही कळतो. प्रोग्रॅम तोच, डिस्क तीच. तेहेतीस तासांच्या कितीतरी खेपा तेवढ्या वाचल्या.

आता त्या देखण्या यंत्रणेकडे. रॅम वाटून देताना सिस्टिम ती ४०९६ बाइटांच्या 'पानां'त मोजते. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की सगळी मेमरी आपलीच आहे आणि आपली पानं ओळीनं मांडलेली आहेत. प्रत्यक्षात ती रॅममध्ये कुठंही विखुरलेली असतात; काही तर रॅममध्ये नसतातच. प्रोग्रॅमनं असं गैरहजर पान मागितलं की प्रोसेसर थबकतो आणि कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारतो. या घटनेला पेज फॉल्ट म्हणतात. नाव दोषाचं असलं तरी यात बिघाड काहीच नाही. कर्नल पान शोधतो, रॅममध्ये जागा करून आणतो, नोंद करतो, आणि अडलेली सूचना पुन्हा चालवतो. प्रोग्रॅमला आपण मध्येच थांबलो होतो याचा पत्ताही लागत नाही.

ही कल्पना विंडोजची नाही, युनिक्सचीही नाही. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूनं बांधलेल्या अ‍ॅटलस या कॉम्प्युटरमध्ये ती १९६२ सालीच चालत होती. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची होती, आणि फिरत्या ड्रमवर आणखी ९६ हजार शब्द मावत. ५१२ शब्दांचं एक पान करून अ‍ॅटलस या दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी असल्याचा आभास निर्माण करी. जागा कमी पडली की कोणतं पान बाहेर काढायचं हे ठरवायला त्यात आधीच्या वापरावरून शिकणारा प्रोग्रॅमसुद्धा होता. सत्तरच्या दशकात यायला हवी होती अशी हुशारी बासष्टातच येऊन गेली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

विंडोजमध्ये प्रोग्रॅमकडून काढून घेतलेलं पान लगेच पुसलं जात नाही. ते 'स्टँडबाय' यादीत जातं, मजकुरासकट. प्रोग्रॅमनं ते पुन्हा मागितलं तर डिस्ककडे न जाता यादीतून उचलून दिलं जातं. हा सौम्य फॉल्ट. त्यात वेळ नगण्य जातो. डिस्कपर्यंत जावं लागलं तर तो हार्ड फॉल्ट. वापरणाऱ्याला जाणवतो तो हाच.

एक्सपीतही हे सगळं होतं. पण १२८ एमबीत साठवून साठवून किती साठवणार? तिनं प्रीफेच आणलं: प्रोग्रॅम सुरू होताना कोणती पानं लागतात ती टिपून ठेवायची आणि पुढच्या वेळी ती एकगठ्ठा आणायची. २००७ मध्ये आलेली विंडोज व्हिस्टा पुढं गेली. तुम्ही रोज काय उघडता ते बघून ती पानं आधीच रॅममध्ये आणून ठेवू लागली. झालं काय, तर टास्क मॅनेजरमध्ये 'फ्री'समोर जेमतेम काही एमबी दिसू लागले आणि व्हिस्टा सगळी मेमरी गिळते अशी ओरड झाली. व्हिस्टाचे दोष होते, पण हा त्यातला नव्हे. विंडोज १० नं आणखी एक पायरी चढली. क्वचित लागणारी पानं डिस्कवर लिहिण्याऐवजी ती रॅममध्येच दाबून, कॉम्प्रेस करून ठेवते. मॅकमध्ये हे २०१३ पासून आहे. पान पुन्हा उलगडायला काही मायक्रोसेकंद पुरतात, आणि तेवढ्यात हार्ड डिस्कचं हेड हललेलंही नसतं.

दोन सिस्टिमचे टास्क मॅनेजर शेजारी ठेवून केलेली तुलना आणखी एका कारणानं फसते. एक्सपीच्या टास्क मॅनेजरमध्ये 'पीएफ युसेज' नावाचा जो आलेख होता, तो भरलेली रॅम दाखवतच नसे. प्रोग्रॅमना दिलेल्या मेमरीच्या एकूण हमीचा तो आकडा होता. नव्या टास्क मॅनेजरमध्ये 'वापरात', 'उपलब्ध', 'कॅश्ड' असे वेगळे आकडे असतात, आणि स्टँडबायमधली पानं 'उपलब्ध'मध्येच मोजतात. दोन वेगळ्या मापांची टक्केवारी शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

याच गैरसमजावर 'रॅम क्लीनर' आणि 'स्पीड बूस्टर' विकले जातात. बटण दाबलं की 'दोन जीबी मोकळी केली' असा हिरवा आकडा येतो आणि बरं वाटतं. आतमध्ये घडतं एवढंच की चालू प्रोग्रॅमची पानं त्यांच्याकडून हिसकावली जातात, आणि पुढच्याच क्षणी ते ती पुन्हा मागतात. सिस्टिमनं काळजीपूर्वक रचलेलं विस्कटायचं आणि त्यालाच वेग म्हणायचं. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा 'रिफ्रेश' मारणं हीदेखील शुद्ध अंधश्रद्धा आहे. त्यानं आयकॉन पुन्हा रंगतात. मेमरीत आणि वेगात काही फरक पडत नाही.

मग नव्या सिस्टिमचं ओझं खरं नाहीच का? आहे, आणि त्याचा एक भाग याच पानांच्या यंत्रणेत आहे. इथं थोडं खोलात जावं लागेल.

विखुरलेलं पान रॅममध्ये नेमकं कुठं आहे, हे प्रोसेसर पेज टेबल नावाच्या कोष्टकात बघतो. ६४ बिटांच्या नेहमीच्या मशीनवर पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात. त्यांचे तुकडे ९, ९, ९, ९ आणि १२ असे पडतात. पहिले नऊ बिट ५१२ ओळींच्या एका कोष्टकातली ओळ सांगतात, ती ओळ दुसऱ्या कोष्टकाचा ठावठिकाणा देते, तिथून तिसरं, मग चौथं. शेवटचे १२ बिट पानातली जागा. म्हणजे एक गोष्ट वाचायला आधी चार वाचनं! हे परवडणार नाही म्हणून प्रोसेसर नुकतेच शोधलेले पत्ते टीएलबी नावाच्या चिमुकल्या वहीत टिपून ठेवतो. त्या वहीत पत्ता सापडला तर शोध जवळपास फुकट पडतो. आपल्या मशीनचा वेग या वहीवर किती अवलंबून आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते.

३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. तोवर सोयीसाठी कर्नलची पानं प्रत्येक प्रोग्रॅमच्या कोष्टकात नोंदलेली असत, फक्त त्यांना हात लावायची मनाई असे. मेल्टडाउननं दाखवून दिलं की मनाई असूनही तिथलं चोरून वाचता येतं. उपाय म्हणून कर्नलचं कोष्टक वेगळं केलं. आता कर्नलकडे जाताना कोष्टक बदला, परतताना पुन्हा बदला, आणि काही जुन्या प्रोसेसरवर त्या पायी टीएलबीची वहीही दर वेळी कोरी करा. सतत फाइल आणि नेटवर्क हाताळणाऱ्या कामांना ही खरी किंमत पडली. पुढच्या प्रोसेसरमध्ये ती त्रुटी मुळातच दुरुस्त झाली, त्यामुळे हा भुर्दंड जुन्या मशीनवर नवी सिस्टिम चालवणाऱ्यांनाच जास्त बसतो.

विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण अनेक नव्या मशीनवर सुरुवातीपासून चालू असतं. त्यात विंडोजच्याही खाली हायपरवायझर नावाचा पहारेकरी प्रोग्रॅम बसतो आणि पत्त्यांची कोष्टकं दुहेरी होतात. वहीत पत्ता नसेल तर चार वाचनांऐवजी सर्वांत वाईट स्थितीत चोवीस. याचा उपयोग काय, तर कर्नलमध्ये कुणी परका कोड घुसवू नये. ही किंमत मला मान्य आहे. एक्सपी हलकी वाटते त्यात ती असले पहारे ठेवत नव्हती याचाही वाटा आहे.

बरं, एक्सपी आजच्या मशीनवर टाकली तर ती वाऱ्यासारखी पळेल का? तिचं पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू होतं. एका पट्टीवर ६३ सेक्टर, ही फार जुन्या डिस्कच्या हिशेबाची खूण. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटांचा तुकडा. नव्या डिस्क आतून ४०९६ बाइटांचे, म्हणजे आठ सेक्टरांचे, खण वापरतात आणि ६३ ला ८ नं भाग जात नाही. परिणामी एक्सपीचा प्रत्येक तुकडा दोन खणांवर तिरका बसतो, आणि एक तुकडा लिहायला दोन खण वाचून पुन्हा लिहावे लागतात. एसएसडीला 'ही जागा आता रिकामी समज' असं कळवणारी ट्रिम सूचना तिला ठाऊकच नाही. ३२ बिटांच्या नेहमीच्या एक्सपीला ४ जीबीच्या वरची रॅम वापरता येत नाही.

एका प्रोसेसरमधले गाभे (कोअर) वाढले तिथंही असंच. लिनक्समध्ये १९९६ पासून कर्नलला एक मोठं कुलूप होतं. एक प्रोसेसर आत असला की दुसरा दाराशी थांबे. ते लहान लहान कुलपांत फोडत फोडत २०११ मध्ये पूर्ण काढलं गेलं. विंडोज ७ मध्ये शेड्यूलरचं, म्हणजे कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाचं, असंच एक सामायिक कुलूप मोडलं. एकच प्रोसेसर असताना या कुलपांचा त्रास नव्हता, म्हणून जुन्या मशीनवर जुनी सिस्टिम ठीकच चालायची.

चालू होण्याच्या वेळेची तुलना तर सोडूनच द्यावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. अर्धवट झोपेतून उठणाऱ्याची शर्यत पूर्ण झोपेतून उठणाऱ्याशी लावण्यासारखं आहे हे. खरी तुलना हवी तर 'रीस्टार्ट'ची वेळ मोजा.

तरीही नव्या सॉफ्टवेअरची सगळीच सूज समर्थनीय नाही. हार्डवेअर जितकं वेगवान होतं त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंदावतं, अशी तक्रार संगणकशास्त्रज्ञ निकलाउस वर्थ यांनी १९९५ मध्येच केली होती, आणि ती आज जास्तच लागू पडते. साधं चॅटचं अ‍ॅप स्वतःबरोबर अख्खा ब्राउझर घेऊन येतं. अशी चार अ‍ॅप्स उघडली की चार ब्राउझर. पार्श्वभूमीला चालणारी माहिती गोळा करणारी कामं, कुणी न मागितलेल्या सूचना, जाहिराती: यांनी व्यापलेली पानं आणि कॅशची पानं एकच नव्हेत. कॅश मागताक्षणी जागा सोडते. हे सोडत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या मशीनवर नेमकं काय चाललंय ते बघायचं असेल तर टास्क मॅनेजरचे टक्के बाजूला ठेवा. विंडोज ७ नंतरच्या कोणत्याही विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा आणि 'मेमरी' टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' या रकान्यावर नजर ठेवून नेहमीचं काम करा. नवा प्रोग्रॅम उघडताना आकडा क्षणभर उसळेल, मग खाली बसेल. तो शून्याच्या आसपास राहत असेल, तर रॅम ऐंशी टक्के भरलेली दिसली तरी ती तुमच्या कामाला अडवत नाहीये. तो सतत शेकड्यांत नाचत असेल, तर रॅम वाढवा. आणि मशीनमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर सिस्टिम जुनी की नवी हे ठरवण्याआधी एसएसडी बसवा.