ऐरोली गेली, शब्दही गेला

ठाण्याहून वाशीची गाडी सुटली तेव्हा माझी भाची मोबाइलवर इंग्रजी शब्दांची यादी घोकत होती. बँकेची परीक्षा तोंडावर आलेली. "रिलक्टंट म्हणजे नाखूश, रिलक्टंट म्हणजे नाखूश," अशी पुटपुट चाललेली. दिघा गाव येईतो म्हणाली, "मावशी, तीस शब्द झाले पाठ!" ऐरोली गेल्यावर मी तिचा मोबाइल पालथा ठेवला आणि विचारलं, नाखूशला काय म्हणतात? "अगं, आत्ताच तर वाचला... अगदी ओठांवर आहे." ओठांवरच राहिला.

यात तिचा आळस नाही. चौथ्यांदा यादी वाचताना डोळे शब्दांवरून सहज घसरतात, आणि त्या सहजपणालाच आपण "येतं मला" समजतो. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. सोसायटीतला माणूस लिफ्टमध्ये लगेच ओळखू येतो. नाव विचारा, मग कळतं.

कार्पिके आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली याची छान परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द काहींनी पुढे नुसता वाचत राहायचा, काहींनी न बघता आठवत राहायचा. आठवड्याने पाहिलं, तर आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द येत होते आणि नुसतं वाचणाऱ्यांना जेमतेम ३६ टक्के. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. आपल्याला किती येईल, असा अंदाज आधी विचारला होता, तेव्हा सगळ्या गटांनी साधारण निम्मे असंच सांगितलं होतं. म्हणजे कोणती पद्धत लागू पडतेय, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ मध्ये ते छापलं. पहिल्या तासाभरात विसरणं धाडकन होतं, मग मंदावतं. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून त्याला जे साधलं, ते तीन दिवसांत विभागल्यावर ३८ वेळांत साधलं. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी हेही बघावं: घोकणं वाईट नाही, एका बैठकीत उरकणं वाईट.

म्हणून मी भाचीला रबाळ्याला पुन्हा विचारलं, मग थेट कोपरखैरण्याला. रिलक्टंट आला. "वाक्य कर," म्हटलं, तर म्हणाली, "आय ॲम रिलक्टंट फॉर गोइंग."

अर्थ पक्का, पण शब्दाची सोबत चुकली. रिलक्टंटला "टू गो" लागतं. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो त्यावरून तो ओळखावा, असं इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं. आपल्याकडे थंडी कडाक्याची आणि पाऊस मुसळधार. मुसळधार थंडी कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही चहा "स्ट्राँग" असतो, पाऊस "हेवी". आपण परीक्षा देतो, इंग्रज विद्यार्थी ती "टेक" करतो. आपलं लग्न कोणाशी तरी होतं, म्हणून आपण बिनदिक्कत "मॅरिड विथ" म्हणतो. तिथे हवं असतं "टू". अर्थाची यादी हे काही सांगत नाही. त्यामुळे वहीत सुटा शब्द लिहूच नये, दोन-तीन शब्दांचा घोस लिहावा, असं माझं ठाम मत. बाकी देवाणघेवाण दोन्हीकडून चालते म्हणा: इंग्रजीतला "मंगूस" आपल्या मुंगसावरूनच गेलाय.

सानपाड्याला तिने नवं वाक्य केलं, "शी वॉज रिलक्टंट टू गेट डाउन."

"छान. फक्त गाडीतून उतरायला ते गेट ऑफ म्हणतात."

"पण मावशी, डब्यात तर सगळे गेट डाउनच म्हणतात."

तेवढ्यात मागून खांद्याला हात लागला, "वाशी गेटिंग डाउन?" भाची माझ्याकडे बघून हसली आणि दाराकडे सरकली.