नाटक सुटल्यावर दाराशी काय होतं?

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावांत मंडप पडतात. नाटक पहाटे सुटतं आणि सगळे एकदमच उठतात. समजा आत ३,००० माणसं आहेत आणि कनातीला दार एकच.

मोकळ्या वाटेवर माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. दाटी झाली की पाऊल आखूड पडतं. दाराच्या दर मीटर रुंदीतून सेकंदाला सव्वा माणूस बाहेर पडतो असं धरू. दोन मीटरच्या दारातून सेकंदाला अडीच, म्हणजे सगळ्यांना २० मिनिटं. तीही धक्काबुक्की झाली नाही तर. दाराच्या तोंडाशीच भज्यांची गाडी लागली आणि वाट मीटरभरच उरली, की चाळीस.

ढकलून हा वेळ कमी होत नाही, उलट वाढतो. भौतिकशास्त्रज्ञ डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं. गर्दीतल्या प्रत्येकाला त्यांनी न्यूटनचा दुसरा नियम लावला: पुढे जाण्याची ओढ हे एक बल, शेजाऱ्यापासून अंतर राखणं हे दुसरं, आणि अंगाला अंग घासलं की घर्षण. संगणकावर २०० माणसं एक मीटरच्या दारातून काढली. प्रत्येकाला हवा असलेला वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर गेला, तसा खोली रिकामी व्हायला जास्त वेळ लागू लागला. दाब वाढला की घर्षणही वाढतं. तिफणीच्या चाड्यात बी तुंबावं तशी खांद्याला खांदा अडकून दारापुढे माणसांची कमान धरते, आणि मागून जोर लावावा तितकी ती घट्ट बसते.

मागच्याला हे दिसत नाही, म्हणून तो रेटतच राहतो. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की आपलं अंग आपल्या ताब्यात राहत नाही. चेंगराचेंगरीत बरेचसे जीव तुडवल्याने नव्हे, तर छाती दबून श्वास कोंडल्याने जातात. कित्येकांचे तर उभ्या उभ्याच. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात मोर्चाला आलेले ११४ गोवारी बांधव चेंगराचेंगरीत गेले. विदर्भाला तरी गर्दीचं भय वेगळं सांगायला नको.

मंडप उभारतानाच मागच्या बाजूला कनातीचा एक पडदा चटकन सोडता येईल असा बांधावा. दोन मीटरची दोन दारं झाली की २० मिनिटांची १० होतात. पण नुसतं दार ठेवून भागत नाही, कारण माणूस ज्या दाराने आला त्याच दाराकडे वळतो. तेव्हा शेवटचा प्रवेश सुरू होण्याआधीच माइकवरून सांगावं: मागे बसलेल्यांनी मागच्या दाराने निघा.