नागपुरात महिला हक्काच्या केसेसवर इंटर्नशिप, या कामाची जुनी गोष्ट

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लॉ कॉलेजच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई महिलांच्या केसेस बघायच्या आहेत, तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का. मी एकच विचारते, मराठीत नीट लिहिता येतं का? त्यांना वाटतं ही काय विचारून राहिली, इंग्रजी ड्राफ्टिंगचं विचारेल असं डोक्यात असतं. पण हे काम मुळात लिहून घेण्याचं आहे, बाई जे सांगते ते तिच्या शब्दांत कागदावर आणायचं, आणि आपल्याकडे हे काम इंटर्नशिप हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

1923 मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी बायांना वकिली करू देणारा कायदा पण झाला. त्याच्या आधी रेजिना गुहा आणि सुधांशुबाला हाजरा या दोघींना, कायद्याचं शिक्षण घेतलेलं असून, फक्त बाई म्हणून कोर्टांनी सनद नाकारली होती. दार उघडलं तरी पुढची बरीच वर्षं बायांच्या हक्काचं खरं बोलणं कोर्टाच्या बाहेरच झालं. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या, बाबासाहेब बोलले की समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ठराव मात्र कोणी वाचत नाही, आणि मला ठरावच जास्त महत्त्वाचे वाटतात. घटस्फोटाचा हक्क कायद्यात द्या, एका नवऱ्याला अनेक बायका ही पद्धत कायद्याने बंद करा, गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना धड सवलती द्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टी हिंदू विवाह कायद्यात यायला 1955 उजाडलं, आणि मधे हिंदू कोड बिल अडवलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 ला मंत्रीपद सोडलं. म्हणजे मागणी आधी बायांनी लिहून दिली, कायदा 13 वर्षांनी आला.

त्याच 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर झालं, म्हणजे चलेजाव चळवळीत चिमूर गावात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. पोलीस आणि लष्कर गावात घुसल्यावर बायांवर जे अत्याचार झाले त्याच्या चौकशीसाठी गांधीवादी प्रा. भन्साळींनी लांबलचक उपोषण केलं, नागपूरच्या बाया तिथे जाऊन तिथल्या बायांचं म्हणणं ऐकून आल्या. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या शिक्षा रद्द व्हाव्या म्हणून अनसूयाबाई काळे झटल्या, त्याच पुढे नागपूरच्या खासदार झाल्या. या बायांकडे वकिलीची सनद नव्हती, पण आज आपण जिला ॲडव्होकसी म्हणतो ती हीच.

आता मथुरा केस. ही नुसती टेक्स्टबुकमधली केस समजून पोरं येतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण ती आपल्या विदर्भातली आहे. 26 मार्च 1972, देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मथुरा ही कमी वयाची आदिवासी मजूर मुलगी, ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार, आरोपी दोन पोलीस. सेशन कोर्टाने 1974 ला सोडलं, 1976 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरलं, घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नाही असं साफ म्हटलं, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टाने परत सोडून दिलं, का तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. 1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 8 मार्च 1980 ला देशभर मोर्चे निघाले, नागपुरातही निघाला, आणि इथे महिला चळवळीतल्या सीमाताई साखरे यांनी हे प्रकरण लावून धरलं. त्यातून 1983 ची दुरुस्ती आली, कोठडीतल्या बलात्कारात बाई म्हणाली माझी संमती नव्हती तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. पीडितेचं नाव छापायला बंदीसुद्धा त्याच दुरुस्तीतली, म्हणून इंटर्न आले की मी पहिल्या दिवशीच सांगते, फाईलचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही.

आणि 2021 मध्ये उलटं झालं, पॉक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) केसमध्ये कपड्यावरून स्पर्श केला तर तो लैंगिक हल्ला नाही असं आपल्याच खंडपीठाने म्हटलं आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. कोर्ट वरचं की खालचं यावर काही ठरत नाही, पोरांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावे.

विद्यार्थी यात कधी आले? माझ्या मते आधी लॉचे नाही, सोशल वर्कचे आले. फिल्डवर्कची बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूची पोरं वस्तीत जायची, बायांसोबत ठाण्यात बसायची. लॉ कॉलेजात तेव्हा पुस्तक आणि परीक्षा. मग 1987 चा विधी सेवा कायदा आला, तो लागू झाला 1995 ला, त्यात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो (हे अजूनही निम्म्या बायांना माहीत नसतं, कृपा करून सांगत जा). 2008 मध्ये बार कौन्सिलने नियमच केला, पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे, तीन वर्षांच्या कोर्सला 12 आठवडे इंटर्नशिप, एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही, आणि एनजीओकडे केलेली पण चालते. घरगुती हिंसाचाराचा कायदा तेव्हा नुकताच, ऑक्टोबर 2006 ला लागू झाला होता, त्यामुळे अर्ज भरायला, घटना अहवाल तयार करायला माणसं लागतच होती. 2016 पासून नागपुरात नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी आहे, बाहेरगावची पोरं पण आली. चार आठवडे फार कमी पडतात हे मी स्पष्ट सांगते, तेवढ्यात एक तारीख पण पूर्ण बघायला मिळत नाही कधी कधी.

ज्यांना वाटतं कागदाने काय होतं त्यांनी 13 ऑगस्ट 2004 आठवावा. नागपूरच्या कस्तुरबा नगर वस्तीतल्या बाया एका गुंडाविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी घेऊन फिरल्या, तो परत परत जामिनावर सुटत राहिला, शेवटी जिल्हा कोर्टातच जमावाने त्याला मारून टाकलं. त्या तक्रारी कोणी वेळेवर, नीट लिहून घेतल्या असत्या तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पोटगीचं तर थेट नागपूरचंच उदाहरण आहे, रजनीश विरुद्ध नेहा. आपल्या फॅमिली कोर्टात 2013 ला सुरू झालेली केस, नोव्हेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टाने त्यातच सांगितलं की दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं शपथपत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. आज इंटर्नचा अर्धा वेळ या शपथपत्रातच जातो, बाईसोबत बसून दूध किती, शाळेची फी किती, ऑटो किती.

मागच्या वर्षी एका पोरीने अर्जात लिहिलं, मानसिक छळ होतो. मी विचारलं बाईने नेमकं काय सांगितलं, तर म्हणे नवरा कामावर जाताना सिलेंडरचा रेग्युलेटर काढून सोबत घेऊन जातो. मी म्हटलं मग हेच लिही. तिने लिहिलं, बाईला वाचून दाखवलं, बाई म्हणाली हो, असंच आहे, आणि सही केली.