देवमाशांच्या सहली: हार्पूनपासून दुर्बिणीपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात तिकीट काढून बोटीत बसलं, की हंपबॅक देवमासा दिसणार हे जवळपास ठरलेलंच असतं. जंगली प्राण्याबाबत एवढी खात्री क्वचितच देता येते. हा प्राणी उन्हाळा अंटार्क्टिकाजवळ क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) खाण्यात घालवतो आणि थंडीत सुमारे ५,००० किलोमीटर उत्तरेला, ग्रेट बॅरियर रीफच्या कोमट पाण्यात पिल्लं घालायला येतो. तो किनाऱ्याला धरून, संथपणे आणि दर वर्षी त्याच सुमारास जातो. त्याचा हाच वक्तशीरपणा एके काळी त्याच्या मुळावर आला होता.

ब्रिस्बेनसमोरच्या मोरेटन बेटावर १९५२ साली देवमासे कापण्याचा टँगालूमाचा कारखाना सुरू झाला. तेल हा मुख्य माल, आणि त्यातलं बरंचसं मार्गारिनसाठी, म्हणजे लोण्याच्या स्वस्त पर्यायासाठी, जाई. दहा वर्षांत तिथे ६,२७७ हंपबॅक कापले गेले. दक्षिणेला बायरन बेलाही १९५४पासून हाच धंदा चालू होता. १९६२मध्ये दोन्ही ठिकाणं बंद पडली, पण कुणाचं मन द्रवलं म्हणून नव्हे. मारायला देवमासेच उरले नव्हते.

किनाऱ्यावरच्या कारखान्यांना ठरावीक कोटा होता, मग इतक्या झपाट्याने देवमासे गेले कुठे? उत्तर मिळायला तीस वर्षं लागली. १९९३मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी जाहीर केलं, की सोव्हिएत जहाजं देवमाशांच्या शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला वर्षानुवर्षं खोटे आकडे देत होती. १९५९ ते १९६१ या दोनच हंगामांत त्यांनी दक्षिण महासागरात सुमारे २५,००० हंपबॅक मारले होते. आयोगाने १९६३मध्ये दक्षिण गोलार्धात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी घातली, तेव्हा पूर्व किनाऱ्याच्या कळपात काही शेच उरले असावेत.

आज बोटीवरचा वाटाड्या जे सांगतो, त्यातलं पुष्कळसं ज्ञान याच शिकारीतून आलं आहे. संशोधक देवमाशाच्या अंगात क्रमांक कोरलेली धातूची नळी बंदुकीने मारत. ती सापडायची थेट देवमासा कापताना. कोण कुठून कुठे गेलं, हे असं कळायचं. परतीच्या वाटेवर तान्ह्या पिल्लांच्या आया सगळ्यांत शेवटी निघतात, हेही कारखान्यांच्या नोंदींतूनच पुढे आलं. पुढे शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे ओळखीला पुरेसे असल्याचं लक्षात आलं, आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली.

पैसे घेऊन देवमासे दाखवण्याची सुरुवात मात्र अमेरिकेतली. १९५५मध्ये सॅन डिएगोत एक डॉलरमध्ये राखाडी देवमासे दाखवणारी बोट निघाली. ऑस्ट्रेलियातला शेवटचा कारखाना १९७८मध्ये बंद झाला आणि १९८७मध्ये क्वीन्सलंडच्या हर्वी बे इथे हंपबॅकच्या सहली सुरू झाल्या. ही जागा अगदी नेमकी निवडली गेली. क'गारी बेटाच्या आडोशाला पाणी शांत असतं आणि दक्षिणेला परतणारे देवमासे इथे नुसते पुढे निघून जात नाहीत, काही दिवस रेंगाळतात. बोटीचं इंजिन बंद असेल तर कुतूहलाने अगदी जवळही येतात. वर काहीच दिसत नसलं, तरी शेपटीच्या फटकाऱ्याने पाण्यावर उमटलेला गुळगुळीत, लाटा नसलेला गोल दिसतो. जाणकार नजर त्यावरूनच पुढचा श्वास कुठे घेतला जाईल याचा अंदाज बांधते.

नियम नंतर आले. बोटीने देवमाशाच्या १०० मीटरच्या आत जायचं नाही, ३०० मीटरच्या आत वेग उतरवायचा, आणि समोरून वाट अडवायची नाही. तो आपणहून जवळ आला तर गोष्ट वेगळी. १९९१मध्ये बायरन बेजवळ दिसलेल्या मिगालू या पांढऱ्याशुभ्र नराभोवती इतकी गर्दी होऊ लागली, की त्याच्यासाठी ५०० मीटरची वेगळी मर्यादा घालावी लागली.

बंदीनंतर कळप दर वर्षी दहा टक्क्यांहून अधिक वाढत गेला. मोठ्या देवमाशांत हा वेग विरळाच. २०१५च्या सुमारास संख्या २४,०००च्या पुढे गेली आणि २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर शार्कसाठी लावलेल्या जाळ्यांत मात्र स्थलांतराच्या दिवसांत हंपबॅक अडकतात, आणि त्यांना सोडवायला पथकं धाडावी लागतात.